अळणी मुकादम

संघपालकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते शाळेत बाकांचा ट्रक आला त्या दिवशी. २०१८ सालचा जुलै असेल. वाडी या ट्रान्सपोर्ट-गोदामांच्या वस्तीतल्या आमच्या शाळेला साठ नवे बाक मिळाले होते आणि ते उतरवायला ट्रान्सपोर्टचे चार हमाल आले होते. मी विज्ञान शिकवत असे. तास नव्हता, म्हणून प्रयोगशाळेत बसून वह्या तपासत होते. तिघांनी बाक उचलून सरळ व्हरांड्यात ठेवायला सुरुवात केली. चौथा आधी शाळाभर फिरून आला, कोणता वर्ग कुठे आहे ते पाहून घेतलं आणि मग बाकीच्यांना थांबवलं. सगळ्यात लांबच्या वर्गाचे बाक आधी न्यायचे, दारालगतच्या वर्गाचे शेवटी, म्हणजे व्हरांडा अडत नाही. तीस-एक वर्षांचा, सडपातळ माणूस. खांद्यावर गोणपाटाचा घडी केलेला तुकडा.

काम संपलं, कागदावर सही झाली, बाकीचे ट्रकवर चढले. हा प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

“मॅडम, ते काचेची नळी एक भेटन का?”

“कशाला हवी?”

“पोट्टीची लघवी तपासाची असते रोज. होती एक, काल फुटली.”

मी त्याला आत बोलावलं. त्याची मुलगी काजल तेव्हा पाच वर्षांची होती. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी तिचे डोळे सुजले, मग पाय, मग पोट. तिच्या मूत्रपिंडाची चाळणी सैल झाली होती आणि अंगातलं प्रथिन लघवीवाटे निघून जात होतं. औषधानं हा आजार आटोक्यात येतो, पण साध्या सर्दीनंही उलटतो, म्हणून रोज सकाळी घरी तपासायचं असतं. वॉर्डातल्या नर्सनं त्याला ते शिकवलं होतं. पाठ म्हणून दाखवावा तसं त्यानं मला सांगितलं. नळी पाऊण भरायची. वरचा भाग ज्योतीवर उकळायचा. मग आंबटाचे चार थेंब टाकायचे. आंबट म्हणजे व्हिनेगर, त्यांच्या घरातलं नाव. पाणी स्वच्छ राहिलं तर ठीक. धुरकट झालं तर नळीमागे छापील कागद धरायचा. अक्षरं वाचता आली तर एक फुली, नाही आली तर दोन, चोथा दिसला तर तीन, दह्यासारखं झालं तर चार आणि लगेच दवाखाना.

मी पस्तीस मुलांना दर वर्षी प्रयोग शिकवत होते. त्यातल्या फार थोड्यांना कृती इतकी क्रमवार सांगता आली असती.

“छापील कागद कोणता धरता?”

“बिल्टी,” तो म्हणाला आणि खिशातून काढून दाखवली. मालाबरोबर ट्रान्सपोर्टची जी पावती जाते ती बिल्टी. तिच्या तळाशी अगदी बारीक टायपात एक हिंदी ओळ होती: माल मालिक की जोखिम पर. “हे सगळ्यात बारीक अक्षर आहे. हे दिसलं म्हणजे सगळं दिसलं.”

मी त्याला जुन्या सहा नळ्या आणि लाकडी चिमटा दिला. पुढच्या आठवड्यात तो नळ्या कशा राहिल्या ते सांगायला आला, आणि मग येत राहिला. मी निवृत्त झाले तरी येणं थांबलं नाही. माझं घर त्यांच्या खोल्यांपासून दोन गल्ल्यांवर आहे.

त्याचं घर म्हणजे गोदामांच्या मागच्या चाळीतल्या दोन खोल्या. बायको नंदिनी, आई पार्वतीबाई, काजल आणि तो. पहाटे ट्रकांचे आवाज सुरू झाले की संघपाल उठायचा, मुलीला उठवायचा आणि ओट्याच्या कोपऱ्यात नळी धरून उभा राहायचा. डॉक्टरांनी काजलचं मीठ कमी करायला सांगितलं होतं. नंदिनीनं दोन दिवस दोन भाज्या केल्या. तिसऱ्या दिवशी काजलनं बापाच्या ताटात हात घातला. तेव्हापासून त्या घरात सगळ्यांनाच एक अळणी भाजी होऊ लागली. संघपालच्या डब्यातही तीच.

हमालांच्या टोळीत डबे एकत्र उघडतात. लहानू म्हणून टोळीतला सगळ्यात जुना गडी आहे. त्यानं पहिला घास घेतला आणि विचारलं, “काहून गा, बायको मिठाची बरणी माहेरी विसरून आली का?” संघपालनं कारण सांगितलं. लहानूनं तो घास गिळला आणि पुन्हा त्या डब्यात हात घातला नाही, पण नाव पडायचं ते पडलं. पुढे टोळीचा जुना मुकादम गावी गेला आणि संघपालला मुकादम केलं, तेव्हा तो ‘अळणी मुकादम’ झाला. फोनवर ड्रायव्हरसुद्धा विचारतात, “अळणी आहे का तिथं?”

मुकादम म्हणून त्याचा एकच नियम. जो माल शेवटी उतरायचा, तो आधी भरायचा. अकोल्याचा माल दाराशी, नाशिकचा आत. टोळीतल्या नव्या माणसाला तो हे तीनदा विचारतो. त्याच्या हातून भरलेला ट्रक वाटेत उलटापालटा करावा लागला असं कधी झालं नाही, असं लहानू सांगतो, आणि लहानू सहसा कुणाचं चांगलं सांगत नाही.

काजलचा आजार पुन्हा पुन्हा उलटला. तिसऱ्या वेळी ती आठ वर्षांची होती. औषधांनी तोंड गोल झालेलं, उंची थांबलेली. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या मुलीकडे मोबाइलवर हैदराबादजवळच्या एका मोठ्या पार्कचा व्हिडिओ होता. माणसांनी भरलेली गाडी रुळावरून वर जाते, उलटी होते आणि सगळे ओरडतात. काजलनं तो इतक्यांदा पाहिला की त्या मुलीच्या आईनं शेवटी मोबाइल उशीखाली ठेवला. डॉक्टर फेरीला आले तेव्हा काजलनं त्यांनाच विचारलं, “मी बसू शकीन का त्याच्यात?”

डॉक्टर घाईत होते. “औषध बंद झालं, आणि त्यानंतर दोन वर्षं नळी साफ राहिली की बस. मग मी म्हणेन तू बरी झालीस.”

ते सहज बोलले असतील. संघपालनं ते तसंच धरलं.

वस्तीतल्या बायका पार्वतीबाईंना नवस बोलायला सांगत. कुणी कुठल्या देवाचं नाव घेई, कुणी दर्ग्याचं. पार्वतीबाई म्हणायच्या, “आमच्यात नवस नसते बाई. आमचे सासरे छप्पन साली दीक्षा घेऊन आले, तवापासून नाही.” त्या हे अभिमानानं म्हणायच्या, पण नात खाटेवर असताना नुसतं बसून राहणं त्यांना जड जात असणार. संघपालनं मला एकदा सांगितलं, “मी देवाले काही बोललो नाही मॅडम. पोट्टीले बोललो, दोन वर्षं साफ राह्यलं तं त्या गाडीत बसवतो. देव कदाचित विसरते, हे पोट्टी नाही विसरत.”

औषध बंद झालं त्या दिवशी त्यानं चहापत्तीचा रिकामा डबा घेतला. सकाळी नळी साफ निघाली की डब्यात दहाचं नाणं. वाडीतले दुकानदार दहाची नाणी घ्यायला कुरकुर करतात, म्हणून ड्रायव्हर ती हमालांकडे खपवतात. संघपालला नाण्यांची कमी नव्हती. पहिल्या खेपेला एक्केचाळीस नाणी झाली आणि काजलला सर्दी झाली. बेचाळिसाव्या सकाळी बिल्टीवरची ओळ दिसली नाही. डब्यातले पैसे औषधात गेले. दुसऱ्या खेपेला सात महिन्यांनी पुन्हा उलटलं. तिसऱ्या खेपेला, २०२३च्या जानेवारीत, त्यानं डबा पुन्हा रिकामा करून मांडला, आणि या वेळी घरात कुणी त्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलं. नंदिनी रोज सकाळी नाण्याचा आवाज ऐकायची आणि मगच पोळ्यांना हात घालायची.

दोन वर्षं तो आवाज रोज आला.

२०२५च्या संक्रांतीला संघपाल माझ्याकडे डबा घेऊनच आला. सातशे एकतीस नाणी. “मधात लीप वर्ष होतं. एक दिवस जास्तीचा आला,” तो म्हणाला. डॉक्टरांनी आठवड्यापूर्वी काजलला तपासून बरी झाल्याचं सांगितलं होतं आणि आता रोज नळी नको, आठवड्यातून एकदा किंवा सर्दी झाली तर पाहा, असं म्हटलं होतं. संघपालनं ते ऐकलं, मान डोलावली आणि डबा भरेपर्यंत रोजच पाहिली.

आता सात हजार तीनशे दहा रुपयांत हैदराबाद गाठायचं होतं. पार्कच्या वेबसाइटवरचे नियम इंग्रजीत होते, ते मी वाचून सांगावेत म्हणून तो आला होता. माझ्या ओसरीत बसून त्यानं एका जुन्या बिल्टीची कोरी बाजू पुढे घेतली आणि कागदाच्या तळाशी लिहिलं: बुधवार, रात्री, घर. त्याच्या वर परतीची गाडी. त्याच्या वर मुक्काम. असा तो खालून वर लिहीत गेला आणि शेवटी अगदी वर सोमवारची सकाळ आली. ट्रक भरायची तीच रीत होती.

मुक्कामाचा खर्च नव्हता. नंदिनीची मावसबहीण सिकंदराबादला राहते. लहानूनं ट्रकच्या केबिनमध्ये फुकट नेण्याचं सुचवलं होतं, ते नंदिनीनं एका शब्दात मोडून काढलं. दिवसाची रेल्वे, बसायची तिकिटं, जाणं-येणं तिघांचं. पार्कमध्ये मात्र दोघंच जाणार, काजल आणि संघपाल. नंदिनी म्हणाली, “मले बसच्या खिडकीत चक्कर येते. मी बहिणीकडे राहीन, गोष्टी करीन.” पार्वतीबाई घर सांभाळणार. शनिवार-रविवार महाग, म्हणून मंगळवार. शाळेचं ओळखपत्र दाखवलं की विद्यार्थ्याला सूट, म्हणून काजलचं ओळखपत्र आधीच यादीत. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, पण पथ्याचं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी चालते. ती चिठ्ठी त्यानं दुसऱ्याच दिवशी आणली.

तिकीट उंचीवर होतं. एकशे चाळीस सेंटीमीटरच्या आत असेल तर लहान मुलाचं, तीनशे रुपये कमी. वर असेल तर पूर्ण. मोजणं त्यांच्या दाराच्या चौकटीला झालं, त्या वेळी मी तिथे होते. संघपालनं गोदामातली फीत आणली होती.

नंदिनी म्हणाली, “चपला काढ. अन् जराशी वाकून उभी राह्य वं.”

“वाकली तं गाडीत बसू देत नाहीत,” काजल म्हणाली. “तिथंही एकशे चाळीसच लागते. मॅडमनं वाचलं ना.”

“मंग तिकिटाच्या वेळी वाक, अन् गाडीच्या वेळी ताठ राह्य,” पार्वतीबाई म्हणाल्या.

संघपालनं फीत लावली, पुन्हा लावली. “एकशे एक्केचाळीस.” डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं की औषधांमुळे ही पोर वयाच्या मानानं लहानच दिसेल. “पूर्ण तिकीट लागन,” तो म्हणाला आणि तीनशे रुपये कुठून काढायचे ते मला सांगू लागला, पण आवाजात तक्रार अशी नव्हती.

हिशेबात एक खोट राहिली होती. तीन दिवस काम नाही म्हणजे तीन दिवसांची मजुरी नाही, आणि ती धरली तर डबा अपुरा पडत होता. टोळीचा रिवाज असा की गैरहजर माणसाला वाटा नाही. दवाखान्याचं कारण असेल तर अर्धा. टोळीनं बसून ठरवलं की हेही दवाखान्याचंच कारण. लहानू म्हणाला, “अर्धा वाटा ठेवतो गा तुहा. येताना आमच्यासाठी मीठ घेऊन ये.”

पुढचं मला पार्वतीबाईंनी सांगितलं. नंतर संघपालनं त्यात दोन दुरुस्त्या केल्या, त्या घालून लिहिते.

फेब्रुवारीतला सोमवार. गाडी नऊच्या सुमाराला. साडेसातला घराबाहेर पडायचं होतं. बॅग रविवारी संध्याकाळीच भरून झाली होती, अर्थात संघपालनं भरलेली. जे शेवटी लागणार ते तळाशी. नळी आणि आंबटाची बाटली प्रवासात लागलीच तर परतीच्या वेळी लागेल असा त्याचा अंदाज, म्हणून एक नळी आणि बाटली सगळ्यात आधी गेली. वर परतीचे कपडे, मग बहिणीकडे द्यायचं लोणचं-पापड, मग पार्कचे कपडे, मग डॉक्टरांच्या फायली, अगदी वर गाडीत खायच्या कोरड्या खाऊचा डबा.

सहा वाजता काजल दात घासताना शिंकली. मग आणखी एकदा शिंकली.

नंदिनीनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. “पाहून घ्या एकदा.”

“काल तं पाह्यली. साफ होती.”

“मी कालचं नाही म्हणून राहिली.”

फळीवर एक नळी होती. संघपालनं ती पाऊण भरली आणि ज्योतीवर धरली. गेली दोन वर्षं पाणी उकळूनही काचेसारखं राहत होतं. थेंब तो त्यानंतर टाकायचा ते नेम म्हणून. त्या सकाळी उकळी आली आणि नळीच्या वरच्या भागात पांढरट धूर धरला. त्यानं बिल्टी मागे लावली. ‘जोखिम’ एवढा एक शब्द लागत होता. बाकीची ओळ नाही.

“मी चष्मा लावून पाह्यलं,” पार्वतीबाई म्हणाल्या. “ढगावानी होतं. बेचाळीस दिवसांच्या वेळी होतं ना, तसंच.”

नंदिनी भिंतीला टेकून खाली बसली. काजलनं नवे बूट घातले होते. पार्कसाठी घेतलेले, लेसचे. लेस सोडल्या, बूट काढले, मोजे त्यांच्यात खोचले आणि जोडी खाटेखाली सरकवून ठेवली. मग बाकी कपडे बदलायला आत गेली.

संघपालनं नळी पुन्हा उजेडाकडे धरली. म्हणाला, “आंबट टाकाचं राह्यलं.”

“आता काय टाकता,” नंदिनी म्हणाली. “दिसून तं राहिलं.”

“नर्सनं चार थेंब सांगितले होते. टाकल्याशिवाय वाचाचं नाही म्हणे. कुठी आहे बाटली?”

“बॅगेत. तुम्हीच ठेवली ना, अगदी खाली.”

“लिंबू देऊ का?” पार्वतीबाईंनी विचारलं.

“नको मा. लिंबाचाच गढूळपणा येते.”

त्यानं नळी चिमट्यासकट आईच्या हातात दिली आणि हलवू नको म्हणून सांगितलं. बॅग खाटेवर उलटी केली नाही. पार्वतीबाईंनी हे मुद्दाम सांगितलं. एकेक थर काढत गेला. डबा, फायली, पार्कचे कपडे, मग लोणच्याची बरणी, पापडांची पिशवी. परतीचे कपडे मात्र घट्ट बसले होते. नंदिनी उठून शेजारी आली आणि तिनं ते ओढून काढले. तळाशी फडक्यात गुंडाळलेली बाटली.

लघवी उकळली की कधी कधी प्रथिन नसतानाही गढूळ होते. तिच्यातले काही क्षार उष्णतेनं साक्यासारखे वेगळे होतात. आंबट पडलं की ते विरघळतात. प्रथिन असेल तर विरघळत नाही. चार थेंब त्यासाठी. नर्सनं संघपालला एवढं सगळं सांगितलं नसणार. तिनं फक्त टाकल्याशिवाय वाचायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि ते त्याच्या लक्षात होतं.

त्यानं मोजून थेंब टाकले. एक. दोन. तिसऱ्याला वरचा धूर हलला. चौथ्यानंतर तो नळीच्या कडेनं पातळ होत गेला आणि गेला. त्यानं बिल्टी मागे धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, “माल मालिक की जोखिम पर.” मग दुसऱ्यांदा नळी भरली, उकळली, थेंब टाकले, वाचलं. एका खेपेवर त्यानं कधीच काही ठरवलेलं नाही.

काजल जुन्या फ्रॉकवर दारात उभी होती. “घालू का बूट?”

“घाल.”

“अन् शिंका?”

नंदिनी म्हणाली, “डाळीले फोडणी दिली तवा मीही शिंकली होती. घाल तू बूट.”

तोवर साडेसात वाजून गेले होते. सामान खाटेभर पसरलेलं, ऑटो गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न वाजवतोय. थर लावायला वेळ नव्हता. संघपालनं चादर अंथरली, सगळं तिच्यावर लोटलं आणि चार टोकांची गाठ मारली. लहानू त्यांना निरोप द्यायला आला होता. त्यानं ते गाठोडं ऑटोत चढवलं, वरून दाबून पाहिलं आणि म्हणाला, “मुकादम, असा माल भरते का कोणी? वाडीचं नाव घालवसान.” आंबटाची बाटली मात्र गाठोड्यात नव्हती. ती संघपालच्या शर्टाच्या खिशात होती आणि तीन दिवस तिथेच राहिली.

गाडी त्यांना मिळाली, कारण ती चाळीस मिनिटं उशिरा सुटली.

पार्कचं वर्णन मी काजलकडून ऐकलं, आणि ते फार लांब नव्हतं. दारात मोजणीच्या पाटीपुढे ती इतकी ताठ उभी राहिली की तिथला माणूस म्हणाला, टाचा खाली ठेव. टाचा ठेवल्यावरही रेघ ओलांडली. त्या गाडीत ती बापाशेजारी बसली. “बाबांनी डोळे मिटले होते. मी नाही मिटले. मी सगळं पाह्यलं.” काय दिसलं विचारलं तर म्हणाली, “खाली झाडं होते. मंग वर झाडं होते.” दुसऱ्यांदा ती एकटीच बसली, कारण संघपाल बाकावर डोकं धरून बसला होता. दुपारी त्यांनी तळलेल्या बटाट्याचं एक पुडकं विकत घेतलं. काजलनं चार तुकडे खाल्ले आणि पुडकं बापाकडे दिलं. त्यानं एक खाल्ला. दोघांनी पाणी प्यायलं. इतकं मीठ दोघांनाही सोसलं नाही. मग नंदिनीनं दिलेला पोळी-भाजीचा डबा त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर उघडला.

बटाट्यांबरोबर मिठाच्या चार छोट्या पुड्या आल्या होत्या. त्या संघपालनं लहानूला नेऊन दिल्या. लहानूनं त्या कानाशी हलवून पाहिल्या आणि म्हणाला, “हैदराबादचं मीठ. अन् तुह्या डब्यात कधी येईन गा हे?”

पुढच्या रविवारी संघपाल माझ्याकडे आला. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन नळ्या होत्या. धुऊन, वाळवून आणलेल्या. “दोन फुटल्या मॅडम, एवढ्या वर्षांत. ह्या तीन घ्या. एक ठेवतो.”

शाळेत परत द्यायला मी आता शाळेत नव्हते. मी त्या घेतल्या, कारण परत करण्याची त्याची इच्छा होती. खर्च विचारला तेव्हा त्यानं सांगितलं की डब्यात दोनशे साठ रुपये उरले आणि त्यांचं नंदिनीनं वरणाचं पातेलं घेतलं.

आता काजल आठवीत आहे आणि बापाच्या खांद्याला लागते. नंदिनी भाजीत मीठ घालते, थोडं. संघपाल अजून त्याहून कमी घालायला सांगतो, आणि टोळी त्याला अळणीच म्हणते. तो त्याच गोदामात मुकादम आहे. दर रविवारी सकाळी तो एक नळी उकळतो. व्हिनेगरची बाटली त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी असते, आणि कुठेही बाहेरगावी जायचं असलं तरी ती कोणत्याही बॅगेत भरली जात नाही, संघपालच्या खिशातूनच जाते.